काशिनाथभाऊंचे बोल

तापीअक्का शाळेत कधी आल्या नव्हत्या. त्या दिवशी मी चौथीच्या वर्गात शुद्धलेखन सांगत होतो आणि सहज दाराकडे पाहिलं तर त्या उभ्या. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, पायांत वहाणा नाहीत. वैशाखातली सकाळची शाळा, आठ वाजताच फरशी तापायला लागलेली. मी हातातलं पुस्तक ठेवून बाहेर आलो. त्या म्हणाल्या, "मास्तर, चला. इंदूना बाप गया." एवढंच. रडल्या नाहीत, भिंतीला टेकल्या नाहीत. शेजारपाजारचं कोणीही निरोप घेऊन आलं असतं, पण त्या स्वतः स्टेशनापलीकडून चालत आल्या होत्या. वाटेत मी विचारलं, केव्हा? तर म्हणाल्या, "पहाटमा कव्हा तरी. उठाडाले हात लावा, तं गार." मी मात्र मनात एकाच गोष्टीपाशी अडखळलो होतो. 'इंदूचा बाप' हे नाव मी त्यांच्या तोंडून कित्येक वर्षांनी ऐकत होतो...

याला आता दीड महिना झाला. पाचोऱ्याबाहेर काशिनाथभाऊंना ओळखणारे फार नाहीत. गावात जे ओळखतात, त्यांतले निम्मे त्यांना 'वेडा तबलजी' म्हणून ओळखतात. ते वेडे नव्हते. त्यांच्या शेजारी पेटी घेऊन मी इतकी वर्षं बसलो, की एवढं तरी मला खात्रीने सांगता येतं.

मी पाचोऱ्याच्या शाळेत बदलून आलो तेव्हा सामानात एक ट्रंक, एक वळकटी आणि एक जुनी पेटी होती. बिऱ्हाड लावून दोन दिवस झाले नसतील, तोच संध्याकाळी एक उंच, काळेसावळे गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. अंगात सरकी काढायच्या जिनातल्या कापसाचे धागे चिकटलेला कोट. म्हणाले, "पेटी कोण वाजवतं?" मी म्हणालो, मीच, थोडीफार. "काळी चार लागते?" त्या पट्टीचा सूर लागतो म्हटलं. "मग उद्या येतो," म्हणून निघून गेले. नाव सांगितलं नाही की माझं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते खांद्यावर झोळी टाकून आले, झोळीतून तबला-डग्गा काढला, हातोडीने चार ठिकाणी ठोकून सुरात लावला, आणि त्या दिवसापासून आमची बैठक सुरू झाली. ती पुढे बारा-तेरा वर्षं चालली.

त्यांचा पूर्वेतिहास मला तुकड्यातुकड्यांनी कळला, कारण सलग बोलण्याची त्यांना सवयच नव्हती. घर शेतकऱ्याचं, पाचोऱ्यापासून दोन कोसांवरच्या खेड्यातलं. थोरले भाऊ दौलतआबा शेती बघत. काशिनाथभाऊ मात्र विशीच्या आतच जळगावात मुक्कामाला आलेल्या एका नाटक मंडळीबरोबर निघून गेले होते. मंडळीत इंदूरकडचे एक म्हातारे खाँसाहेब तबला वाजवायचे. त्यांनी या मुलाला शिकवायचं कबूल केलं, पण वर्षभर तबल्याला हात लावू दिला नाही. नुसते बोल म्हणायचे. तबल्यावरच्या प्रत्येक आघाताला एक अक्षर असतं. 'धा' म्हटलं की दोन्ही हात एकदम, 'ना' म्हणजे उजव्या हाताचं बोट काठावर, 'गे' म्हणजे डाव्या हाताचा डग्गा. ही अक्षरं जोडून ठेके होतात, कायदे होतात, तुकडे होतात. भाऊ पडदे ओढताना, भांडी घासताना, रेल्वेच्या डब्यात सामानावर बसून ते म्हणत राहिले. वर्ष संपलं तेव्हा झोपेतसुद्धा त्यांच्या तोंडून तेच यायचं, असं मंडळीतले लोक सांगत. पुढे मंडळी कर्जात बुडाली, मोडली. भाऊ पाचोऱ्याला परतले, एका जिनात कापूस तोलायच्या कामाला लागले आणि स्टेशनापलीकडे, जामनेरची छोटी गाडी जिथून वळते तिथे, दोन खोल्यांच्या घरात राहू लागले.

घरात तापीअक्का आणि एकुलती एक मुलगी इंदू. आधीची दोन मुलं तान्हेपणीच गेली होती. भाऊ बायकोशी जेमतेम बोलत. भांडण नव्हतं, रागही नव्हता. त्यांना बोलायला सुचतच नसे. अक्का एकदा हसत मला म्हणाल्या होत्या, "लगीन व्हयनं तवपासून मनासंगे जितलं बोलनात, तितलं तं तबलासंगे एक दिनमा बोलतस." तेव्हा त्या हसू शकत होत्या.

दत्ताच्या देवळात भजन होतं त्या संध्याकाळची गोष्ट. मी पेटीवर, भाऊ तबल्यावर. गाणारे गृहस्थ रंगात आले होते, आणि मध्येच मला जाणवलं की ठेका विचित्र ऐकू येतोय. डग्गा चालू आहे आणि तबला नाही. नुसतं 'गे... गे...' असं घुमतंय. मला वाटलं, भाऊ काहीतरी गंमत करताहेत, आता समेवर येऊन हसतील. वळून पाहिलं तर ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. हात मांडीवर उलटा पडला होता. डावा हात अजून वाजवतच होता, बिनचूक. मग तोही थांबला, आणि ते बसल्या जागी एका अंगावर कलंडले.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पक्षाघात. उजवी बाजू गेली होती. पाय पुढे थोडा सावरला, काठी घेऊन ते घरातल्या घरात चालू लागले. हात कायमचा गेला. पण अक्कांना त्या वेळी हाताची काळजी नव्हती, कारण भाऊंची वाचाच बसली होती. तोंड उघडायचं, ओठ हलायचे, आवाज नाही. डॉक्टर रोज येऊन विचारायचे, "नाव सांगा काशिनाथराव. तुमचं नाव काय?" आणि एक दिवस त्यांनी असंच विचारलं तेव्हा भाऊंनी सगळं बळ एकवटून म्हटलं, "धा."

आम्हाला केवढा आनंद झाला! अक्कांनी देवापुढे साखर ठेवली. दोन दिवसांनी "तिरकिट" आलं. आठवड्याभरात ते पूर्ण ठेके स्वच्छ म्हणू लागले, एक अक्षर इकडेतिकडे नाही. मग आम्ही शब्दांची वाट पाहू लागलो. शब्द आले नाहीत. पाणी हवं असलं तरी "धिं धिं ना", दुखलं तरी "तिट कत", दारात कोणी आलं तरी तेच. आवाजात मात्र सगळं असायचं, प्रश्न असायचा, चीड असायची, विनवणी असायची. त्यांना आपण काय बोलतो हे ऐकू येत होतं, आणि ते आपल्याला हवं ते नाही हेही कळत होतं. पहिले काही महिने ते बोलायला जायचे, तोंडातून बोल निघायचे आणि ते स्वतःच्या तोंडावर डाव्या हाताने चापट मारून घ्यायचे. अक्का तो हात धरून ठेवायच्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मेंदूत शब्दांची जी जागा असते ती गेली. अशा माणसांत कुणाच्या तोंडी देवाचं नाव उरतं, कुणाच्या शिव्या. रात्रंदिवस घोकलेलं कधीकधी वाचतं. यांचं हे वाचलं." मी विचारलं, परत येतील शब्द? ते म्हणाले, "मला खोटं बोलता येत नाही मास्तर."

अक्कांनी वेगळाच मार्ग काढला. बातमी ऐकून जिनातले दोघे-तिघे भेटायला आले होते. भाऊ खाटेवर बसले होते. पाहुण्यांना बघून त्यांनी काहीतरी लांबलचक म्हटलं. माणसं अवघडली, एकमेकांकडे बघू लागली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून अक्का अगदी सहज म्हणाल्या, "इंदूना बाप म्हनतस, बसा. च्या ल्या." माणसं सैल झाली, बसली, चहा घेतला. भाऊ पुन्हा काही म्हणाले. अक्का म्हणाल्या, "ते इचारतस, जिन चालू शे का?" त्यांनी जिनाची हकिकत सांगितली. भाऊ ऐकत होते, मान हलवत होते. तासाभराने मंडळी उठली ती हे सांगतच, की काशिनाथ बोलतो, फक्त त्याच्या बायकोला कळतं.

पुढे तसंच झालं. नवऱ्याशी जन्मात चार शब्द न बोललेली ती बाई गावासमोर त्याची वाणी झाली. भाऊ बोल म्हणायचे, अक्का सांगायच्या. आम्ही सगळे अक्कांच्या तोंडाकडे बघायचो. भाऊ काय म्हणताहेत, तो ठेका कोणता, तुकडा कोणता, याकडे माझंसुद्धा लक्ष राहिलं नाही, मग इतरांचं काय? भाऊंकडे पूर्वी तबला शिकणारे दोन-तीन विद्यार्थी पुन्हा येऊ लागले होते. भाऊ तोंडाने म्हणायचे, ते हाताने वाजवायचे. चुकलं की भाऊ तोच बोल मोठ्याने म्हणायचे. तेवढा तासभर घरात कोणी दुभाषी लागत नसे, आणि त्या तासात मी त्यांना प्रसन्न पाहिलंय. पण रस्त्यावरची पोरं खिडकीशी येऊन "धा धा धा" ओरडायची आणि पळायची. एकदा एक बाई नारळ घेऊन आली. तिची म्हैस हरवली होती आणि कोणीतरी तिला सांगितलं होतं की यांच्या तोंडून देव बोलतो. भाऊ संतापून काहीतरी ओरडले. अक्का शांतपणे म्हणाल्या, "इंदूना बाप म्हनतस, नारय घर ली जा, पोरेसले चटनी करा." ती बाई गेली, पण गावात बोभाटा व्हायचा तो झालाच. कोणी म्हणे देव, कोणी म्हणे भूत, बहुतेक म्हणत वेड. विद्यार्थ्यांच्या आयांनी मुलांना पाठवणं बंद केलं.

इंदू या सगळ्यात मोठी झाली. सावळी, उंच, बापासारखी अबोल. तिच्या लग्नाचं दौलतआबांनी अंगावर घेतलं. पहिलं स्थळ अमळनेरचं, मुलगा शिकलेला, माणसं बरी. बघायला येणार त्या दिवशी आबांनी बजावलं होतं की काशिनाथने मागच्या खोलीतून बाहेर यायचं नाही. मुलीचा बाप आजारी आहे एवढंच सांगायचं. पाहुणे बसले, इंदू पोहे घेऊन आली, आणि मागच्या खोलीचं दार उघडून भाऊ बाहेर आले. कोट घातलेला, टोपी घातलेली. एका हाताने कोटाची बटणं लावायला त्यांना किती वेळ लागला असेल... ते पाहुण्यांसमोर बसले, मान लववली आणि म्हणाले, "धिं धिं धागे तिरकिट तू ना कत ता." मुलाचा मामा आधी थक्क झाला, मग त्याला हसू आवरेना, त्याने उपरणं तोंडाला लावलं. अक्कांनी आतून सांगितलं, "मुलीचे वडील म्हणतात, आमचं भाग्य, तुम्ही आलात." पाहुण्यांसमोर त्या मुद्दाम शहरी मराठी बोलल्या. पण ते हसू सगळ्यांनी पाहिलं होतं, भाऊंनीही पाहिलं होतं. चार दिवसांनी निरोप आला, घरात वेड आहे, आम्हाला पुढची पिढी बघायची आहे. त्यानंतर आणखी दोन स्थळं आली आणि दारातूनच गेली.

मग आबांनी शिंदखेड्याचं स्थळ आणलं. बिजवर, चाळिशीला आलेला, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. जमीन भरपूर. त्यांना वेडाबिडाची पर्वा नव्हती, त्यांना घरात बाई हवी होती. निर्णय घ्यायचा त्या दुपारी आबांनी मलाही बोलावून घेतलं. भाऊ भिंतीला टेकून बसलेले, आबा समोर, मी बाजूला, अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आणि त्यांच्या मागे अंधारात इंदू. आबा कडक माणूस, पण अन्यायी नव्हते. ते म्हणाले, "काशिनाथ, तू बाप शे. उद्या माले कोनी नाव ठेवाले नको. तूच सांग, पोर शिंदखेडाले देवानी का नही?" भाऊंनी बराच वेळ इंदूच्या दिशेने पाहिलं. मग ते काहीतरी म्हणाले. थोडकंच होतं. काय ते मला आज आठवत नाही, कारण म्हटलं तसं, मी अक्कांकडे बघत होतो. अक्का म्हणाल्या, "इंदूना बाप म्हनतस, द्या."

आबांनी सुटकेचा श्वास सोडला. इंदू आत गेली. भाऊ अक्कांकडे बघत राहिले. मला वाटलं, मुलगी दूर जाणार म्हणून बापाचा जीव कासावीस झालाय. तसाच अर्थ आम्ही सगळ्यांनी घेतला.

लग्न झालं. कन्यादान आबांनी केलं. भाऊ मांडवात खुर्चीवर बसून होते आणि दिवसभर त्यांनी तोंड उघडलं नाही. इंदू दिवाळीला एकदा आली, वाळून गेली होती. नवऱ्याचा जाच होता असं नाही. काम होतं, डोंगराएवढं. दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेल्याचं कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून अक्कांनी जुनी लुगडी फाडून दुपटी शिवून ठेवली, डिंक आणला, खारीक आणली. सासरच्यांनी कळवलं, कापूस वेचून झाला की पाठवतो. सातव्या महिन्यात तार आली. तार इंग्रजीत, म्हणून पोस्टमन ती माझ्याकडे घेऊन आला. तिच्यात पोर अत्यवस्थ एवढंच होतं, पण अशा तारांमध्ये काय असतं ते सगळ्यांना माहीत असतं. मी अक्कांना तेवढंच वाचून दाखवलं. भाऊंना कोणी सांगितलं नाही. ते काठी घेऊन दारात आमच्या आधी उभे होते.

पाचोऱ्याहून जळगाव, जळगावला गाडी बदलून शिंदखेडा. त्या प्रवासात भाऊ खिडकीपाशी बसून सारखे पुटपुटत होते, चाकांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, फक्त ओठ दिसत होते. आम्ही पोचलो तेव्हा इंदूला अंगणात आणून ठेवलं होतं. मूलही गेलं होतं, तिच्या कुशीत ठेवलं होतं. अक्का तिच्या पायांवर पडल्या. बायकांनी आकांत मांडला. आणि त्या रडण्यात एक पुरुषी आवाज मिसळला. भाऊ काठी टाकून इंदूच्या उशाशी खाली बसले होते आणि बोल म्हणत होते. संथ, विलंबित, एकेक अक्षर सुटं. "धा... धिं... धिं... धा..." डोळ्यांतून पाणी गळत होतं, मिशांवरून तोंडात जात होतं, आणि त्या माणसाला रडण्यासाठी दुसरं काही उरलं नव्हतं. 'इंदू' म्हणता येत नव्हतं. 'पोरी' म्हणता येत नव्हतं. बायकांचं रडणं हळूहळू थांबलं, सगळे त्यांच्याकडे बघू लागले. मागे कोणीतरी तरुण मुलगा फिसकन हसला. इंदूचा दीर म्हणाला, "कोनी तरी त्यासले चूप करा रे!" मग सवयीने सगळ्यांचे डोळे अक्कांकडे वळले. माझेही वळले. आता त्या सांगतील, हा बाप काय म्हणतोय ते. अक्कांनी भाऊंकडे पाहिलं, आणि पदर तोंडावर ओढून घेतला. त्यांनी काही सांगितलं नाही. तिरडी उचलेपर्यंत ते म्हणत राहिले, आणि त्याचा अर्थ त्या दिवशी कोणीच कोणाला सांगितला नाही.

तिरडी अंगणाबाहेर पडली तेव्हा भाऊ थांबले. ते कायमचेच. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी एकही बोल उच्चारला नाही. डॉक्टर म्हणाले, पुन्हा एक झटका आला असेल. पण पाय, तोंड, नजर, सगळं होतं तसंच होतं. मी एकदा पेटी घेऊन गेलो, तबल्याच्या साथीला फिरवत ठेवायची धून, त्यांच्या आवडीचा लेहरा, धरला. दोन आवर्तनं त्यांनी ऐकली असतील, मग भिंतीकडे तोंड फिरवलं. अक्कांनी तबला पुसून समोर मांडला, "बोला ना, काही तरी बोला," म्हणून हात जोडले. त्यांनी डोळे मिटून घेतले. ते जेवत होते, चार पावलं चालत होते, पण अक्कांकडे बघत नव्हते. अक्काही गप्प झाल्या. 'इंदूचा बाप' हे नाव त्यांना उच्चारता येईना आणि दुसरं नाव त्यांच्यापाशी नव्हतंच. कोणी रस्त्यात विचारलं, भाऊ कसे आहेत, तर म्हणायच्या, "शेतस." आहेत. बाहेर युद्ध चाललं होतं, रॉकेल मिळत नव्हतं, गावात सभा होत होत्या, पोरं तुरुंगात जात होती. त्या दोन खोल्यांत दोन माणसं न बोलता समोरासमोर बसलेली असत. मी जायचो, बसायचो, यायचो. खरं सांगायचं तर पुढेपुढे जायचं टाळायचो.

त्यांच्या अंत्ययात्रेला आम्ही मोजकेच होतो. थकलेल्या दौलतआबांनी अग्नी दिला. आबा परत येताना मला म्हणाले, "मास्तर, काशिनाथले काय सांगानं व्हतं, ते ऱ्हाईच गयं."

चौदावा उरकल्यावर एका रविवारी संध्याकाळी मी अक्कांकडे गेलो. त्या माती कालवून बसल्या होत्या, भिंत सारवायची म्हणून. भाऊ ज्या भिंतीला टेकून बसायचे तिथे, डोक्याच्या उंचीला, तेलाचा एक मोठा काळपट डाग पडला होता. बाकीची भिंत सारवून झाली होती, तेवढी जागा राहिली होती. मला पाहून त्यांनी हात धुतले, चहा केला. मग माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "मास्तर, माले काहीच कयत नव्हतं."

मला आधी उमगलं नाही. त्या सांगत गेल्या. भाऊंचे बोल त्यांना कधीच कळले नव्हते. पहिल्या दिवशी जिनातली माणसं उठून जायला लागली, ती पुन्हा कधी येणार नाहीत असं वाटलं, म्हणून त्या चहाचं बोलल्या. मग ते सोडता येईना. सोडलं असतं तर गावाने भाऊंना त्याच दिवशी वेडा ठरवून खोलीत बंद केलं असतं. "ते बठ्ठं मनं बोलनं व्हतं," त्या म्हणाल्या. सगळं बोलणं त्यांचं स्वतःचंच. कधी चेहऱ्यावरून अंदाज करायच्या, कधी नुसतं सुचेल ते. भाऊ मान हलवायचे, तेव्हा बरोबर आलं असं वाटायचं. नाही हलवली तर दुसरं काही म्हणायच्या.

"आणि इंदूच्या वेळी?" मी विचारलं.

"त्या दिन बी मनंच."

तीन स्थळं मोडली होती. पोर घरात राहिली तर तिलाही लोक बापाच्या पंक्तीला बसवतील, आपल्यामागे तिचं कोण, या भीतीने त्यांना झोप लागत नव्हती. आबांनी विचारलं, भाऊ काही बोलले, आणि त्यांच्या तोंडून 'द्या' निघून गेलं. त्या वेळी भाऊंनी मान हलवली नाही. नुसतं बघत राहिले. ती नजर आपल्याला कळली होती, असं अक्का म्हणाल्या. सगळ्या वर्षांत तेवढी एकच गोष्ट कळली होती, आणि आबा तोवर उठून सुपारी फोडायला लागले होते.

मी म्हणालो, अक्का, हे असू द्या. मी त्यांच्यावर लिहायचं म्हणतोय, पण हे लिहिणार नाही. त्या एकदम म्हणाल्या, "लिखा. बठ्ठं लिखा. आते कोनं लगीन मोडनार शे?"

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही त्यासनासंगे इतला वरीस वाजाडं. तुमले बोल कयतस. त्या दिन ते जे म्हनेत, ते माले याद शे. सांगू? मतलब सांगशात?" आणि मांडीवर हात ठेवून, डोळे खाली घालून, अडखळत पण एकही अक्षर न चुकता त्या म्हणाल्या, "धा धा तिट धा धा तिं ना."

मी विचारलं, पुढे?

"पुढे मनं बोलनं."

तबल्याला महिनाभर हात लावलेल्या माणसालाही ठाऊक असतं की हा एका कायद्याचा अर्धाच भाग आहे. पहिल्यानेच शिकवतात तो हा. याच्यामागे 'ता ता तिट धा धा धिं ना' यावंच लागतं. पहिला भाग प्रश्नासारखा उघडा राहतो, दुसरा येऊन तो मिटवतो. मध्येच कोणी थांबत नाही. भाऊ तर थांबणं शक्यच नव्हतं. ते अजून म्हणत होते, आणि अक्का बोलल्या. दुसऱ्या अर्ध्यात होकार होता, नकार होता, की नुसता तोंडात बसलेला कायदा होता, ते मला माहीत नाही. त्या अक्षरांना अर्थ नसतो हे मात्र मला माहीत आहे. समोर ती बाई मांडीवर हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसली होती.

मी म्हणालो, "होकारच होता, अक्का. तबल्यात याला होकारच म्हणतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मग अगदी हळू म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही बी तेच करं, जे मी करं."

परवा पुन्हा जाऊन आलो. डागाची तेवढी जागा त्यांनी अजून सारवलेली नाही.